मक्रोबा

पंचायतीच्या कागदावर पाच रकाने होते:
वस्तू, ठिकाण, काळ, भाषा, स्थिती.
मी टेप घेतला, शांतव्वाच्या धाकट्याला घेतलं
आणि निघालो गावाचा वारसा मोजायला.

पहिला वीरगळ, ओढ्याकाठी, उताणा.
मल्लव्वा त्याच्यावर गोधडी धोपटत होती.
म्हटलं, जरा सरका, माप घ्यायचंय.
"घे की, खरं बिगी घे. साबण वाळालाय."
खाली गाई, मध्ये भाला,
वर दोन अप्सरांच्या हाताला धरून चाललेला कुणीतरी.
नाक झिजून गेलेलं. मिशीला फेस.
काळ: लिहिता येईना.
भाषा: खालच्या ओळी वाचणारा गावात कुणी नाही,
दोन्हीकडच्यांतला.

मग रताळ्याच्या रानाकडं, मक्रोबाला.

मॅक्रे नावाचा कुणी साहेब, जमीन मोजायला आलेला,
तापानं गेला आणि बांधावरच राहिला.
आता पोरांना ताप आला की त्याच्याकडं नेतात.
चुन्याचा हात, लिंबू आणि एक पेटती बिडी.
बिडी शेवटपर्यंत जळली तर ताप उतरतोय.
विझली तर खानापूरचा दवाखाना.

गेल्या साली त्याच्या गावची एक बाई आली होती,
पिकल्या केसांची, गुडघ्याला पट्टा.
तिचं इंग्रजी ड्रायव्हरनं कन्नडात केलं,
कन्नडाचं मराठी शांतव्वानं,
वाटेत काय काय सांडलं कुणास ठाऊक.
फोटो दाखवला: दगडी घरं, बोडकी टेकडी, पाऊस, मेंढ्या.
निंगाप्पा धनगरानं तो उन्हाला धरला,
बराच वेळ बघून म्हणाला,
"लोकर झ्याक हाय. खरं ही तिसरी लंगडतीया."
बाई हसली, हसता हसता डोळे पुसले.
मेंढी तिच्या भावाची होती.

मग ती म्हणाली, आमच्याकडं पाटीवर दोन नावं असतात,
वरचं माझ्या आजीच्या बोलीतलं.
शाळेत ती बोली तोंडातून निघाली
की आजीच्या हातावर छडी बसायची.
शांतव्वानं हे मराठीत आणलं आणि गप्प झाली.
आम्ही सगळ्यांनी एकदम स्टँडकडं बघितलं.
तिथल्या पाटीवरचं डांबर
अजून ओलं होतं.

कागद भरला तो असा.
भाषा: अक्षरं इंग्रजी, नवस मराठी,
बिडी विझल्यावरच्या शिव्या कन्नड.
स्थिती: वापरात.
वीरगळाच्या पुढंही तेच लिहिलं, वापरात.
क्लार्क म्हणाला, गुरुजी, असं चालत नाही,
सुस्थितीत किंवा भग्न, दोन्हींपैकी एक लिहा.
कागद अजून माझ्या पिशवीत आहे.

जाताना बाईनं तिकडच्या ओढ्यातला
एक करडा गोटा थडग्याच्या पायथ्याशी ठेवला.
परवा बघतो तर त्याला कुणीतरी भंडारा लावलाय,
शेजारी अर्धं रताळं.
त्याचं माप घ्यायचं राहिलंय.