खालची कड मोकळी

जानेवारी. उरुग्वेच्या माळावर ऐन उन्हाळा.
बेलार्मिनो कुंपणाशी थांबतो. वासरं मोजत नाही,
त्यांचे गाल बघतो.
पांढऱ्या तोंडाच्या जातीला हे ऊन सोसत नाही, म्हणतो,
आणि बोट रोखतो:
डोळ्यापासून जबड्यापर्यंत मळकी, ओली रेघ,
रेघेवर माश्या.

चार महिन्यांची कालवड, उजेडाकडे पाठ करून उभी.
मी तिची मान मांडीशी आवळतो.
मिटलेली पापणी तो अंगठ्याने उचलतो.
बुबुळावर मसुरीएवढा
निळसर पांढरा ढग.

"किती दिवस?"
कळप माझ्याकडे होता.
मी म्हणतो, दोन.

तो काही बोलत नाही.
मलमाची नळी खिशातल्या उबेने मऊ झालेली,
शेवईएवढी रेघ खालच्या पापणीत.
मग जुन्या जीन्सचा तुकडा,
तीन कडांना डिंक, खालची मोकळी,
पाणी वाहून जायला.
"हात धू. मगच दुसऱ्या वासराला शिव.
माशी काही हात धूत नाही."

रात्रभर ती गोठ्यात
खुंट्याला धडकत राहिली, त्याच बाजूने.
मी ऐकत होतो.

तेराव्या दिवशी ठिगळ आपोआप गळून पडलं.
ढग विरलेला; मधोमध एक ठिपका,
तो राहणार.
मी शेजारून हात हलवला,
तिने पापणी मिटली.

"चार दिवस झाले होते," मी म्हणालो.
बेलार्मिनो पुढच्या गालाकडे बघत होता.
"ठाऊक आहे. ढगाला वय असतं.
ते ठिगळ उचल. जाळून टाक."