खालचे आठ इंच

पहिला आला तो न बोलावताच.
ट्रकच्या पाठीवर डांबर वाफाळत होतं.
म्हणाला, पलीकडच्या गल्लीतलं उरलंय, बाई,
आजच्या आज अर्ध्या भावात टाकून देतो,
फक्त रोख.
मी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आहे.
केळ्याचं साल खिडकीबाहेर फेकून
पोर आरशात कसं बघतं, मला ठाऊक आहे.
हा तसाच बघत होता.

दुसऱ्याने टॅबलेटवर माझंच घर दाखवलं,
इतकं देखणं की मला दार ओळखेना.
मधाच्या रंगाची फरसबंदी, कडेने दिवे,
दगडी कट्टा, मधोमध शेकोटी,
आणि कट्ट्यावर हसत बसलेली चार माणसं,
ज्यांना मी कधी बोलावलं नव्हतं.
खाली आकडा.
आकड्याखाली मुंगीच्या अक्षरात:
जमिनीत काही निघाल्यास खर्च वेगळा.
अरे, निघणारच की!
ही ईरी आहे, सरोवराकाठची चिकणमाती,
हिवाळाभर पोटात बर्फ धरते
आणि मार्चमध्ये माझं काँक्रीट
कुशीवर वळतं.

तिसरा, ओडेल प्रुइट, तासभर उशिरा.
माफी मागितली नाही, बादली मागितली.
गॅरेजच्या दाराशी पाणी ओतलं
आणि गुडघ्यांवर हात टेकून
ते कुठे जातं ते पाहत राहिला.
पाणी जरा घुटमळलं, एका भेगेत डोकावलं,
मग निघालं थेट तळघराच्या भिंतीकडे,
जुन्या गिऱ्हाइकासारखं, पत्ता न विचारता.
"किती वर्षं पुसताय तळघर?"
मी बोलले नाही. एकोणीस.
कॅझ म्हणायचा, भिंतीला घाम येतो.

त्याची भाची डेझरे टेपचं दुसरं टोक धरून,
वहीत लिही, खोड, पुन्हा लिही.
कागद आला तो रेघांचा, पेन्सिलीतला:
आठ इंच खडी, तीन थरांत,
प्रत्येक थर वेगळा ठोकायचा,
खाली कापड, वर वाळू, मग दगड.
"म्हणजे जे दिसणार नाही
त्याचेच पैसे मी मोजायचे?"
"त्याचेच," ओडेल म्हणाला.
"वरचं काय, कुणीही अंथरतं."

मी काही भोळी नाही.
परवाना पाहिला, विम्याचा कागद पाहिला,
त्याने दिलेल्या तिन्ही नंबरांवर फोन केले.
एका बाईने आधी कुत्र्याला गप्प केलं,
मग म्हणाली, "सहा हिवाळे झाले."
आणि फोन ठेवला.

सही करताना दिसली शेवटची ओळ,
मी न मागितलेली:
दाराची पायरी काढून उतार,
बारा फुटांत एक फूट.
कॅझबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता,
ना हॉस्पिटलचा, ना त्याच्या डाव्या पायाचा.
"कुणी सांगितलं?"
डेझरेने पेन्सिलीनेच दाखवलं:
पोर्चच्या कोपऱ्यात घडी घातलेली खुर्ची,
चाकांना अजून प्लास्टिक गुंडाळलेलं.

नऊ दिवस अंगण उघडं पडलं होतं.
ठोकणारं यंत्र सुरू झालं की
कपाटातल्या बश्या दात वाजवायच्या.
घरात यायला एक फळी, त्यावरून मी,
हातात दुधाचा कॅन, तोंडात देवाचं नाव.
खड्ड्यात काय काय निघालं:
एक काटा-चमचा, विटांचा ढिगारा,
कुणाच्या तरी गाडीची नंबरप्लेट.
ओडेलने वेगळा खर्च लावला नाही.
काटा-चमचा मात्र नेला.

गुरुवारी कॅझ घरी आला.
खुर्ची दारापर्यंत सरकली, हिसका न देता.
त्याने बिल मागितलं, दोनदा वाचलं,
खाली पाहिलं, मग माझ्याकडे.
"एवढे पैसे? दिसत तर काहीच नाही."
मी म्हटलं, दिसतं ना.
तो बघ, दारापासून चौथा दगड,
नक्षीत उलटा बसलाय.
डेझरेने एकटीने लावलेला पहिला.
ओडेल उपटून नीट करायला निघाला होता,
मीच म्हटलं,
राहू दे.