विल्फची जागा

चॅपलचे हीटर दुपारी दोनलाच लावले होते,
तरी आल्टोंच्या रांगेत बोटं गारठलेली.
ओल्या लोकरीचा वास, खोकल्याच्या गोळ्यांचा,
खुर्च्यांवर मिसेस थ्रिपलटननं ठेवलेले कागद:
मोबाइल बंद. मध्यंतरात मिन्स पाय.

तेच ते. दर नाताळला तेच.
माझी ही एकोणिसावी खेप.
टेनर यंदाही चारच, त्यातला एक दंतवैद्य,
शेजारच्या खोऱ्यातून उसना आणलेला.
ट्रम्पेटवाला पोरगा गाडीत बसून सँडविच खातोय,
त्याचं काम खूप उशिरा.
माझ्या प्रतीत पेन्सिलीच्या तीन पिढ्या:
"सावकाश", ते खोडून "रेंगाळू नका",
आणि कोपऱ्यात, कुणाच्या तरी घाईच्या अक्षरात, "दूध".

मग ते कोरस, ज्याला सगळे उठून उभे राहतात.
का, ते विचारलं तर प्रत्येक जण वेगळं सांगतो.
खुर्च्या करकरतात. गुडघेही.

शेवटाच्या जरा आधी तिथं एक मोकळी जागा आहे.
सगळे आवाज धावत येतात
आणि कड्यावर थबकतात.
एक श्वास. मग उरलेले स्वर.

एकाहत्तर साली त्या जागेत विल्फ ऑल्डरॉइड गायला.
एकटा. छाती भरून. समेच्या एक पाऊल आधी.
गिरणीच्या रंगखात्यातला माणूस, कोपरापर्यंत निळा.
मी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण मी ते ऐकलंय.
इथं सगळ्यांनीच ऐकलंय.
कसाई म्हणे त्याला सॉसेज बांधून देताना
हात मध्येच थांबवायचा,
एक श्वास, मग पुडी पुढे.
विल्फ हसायचा. पण पुढची तेवीस वर्षं
त्या पानावर ओठ दातांत धरून उभा राहिला.

नवा संचालक लीड्सचा, वय सत्तावीस.
तालमीत म्हणाला, ही शांतता तुम्ही फार ताणता,
लिहिलंय त्याच्या दुप्पट. मोजा.
आम्ही माना डोलावल्या.

आता ती जागा आली.
त्यानं मोजलं. काठी खाली आणली.
साठ माणसं, एक जण तोंड उघडेल तर शपथ.
आणि ट्रम्पेटवाला पोरगा,
ज्याला फक्त काठी ठाऊक,
त्या शांततेत एकटा वाजला.
लखलखीत. अगदी बरोबर वेळेवर.

कानांच्या पाळ्या लाल होऊन तो आमच्याकडे बघतोय.
बसच्या रांगेतून कुणीतरी नाकातून हसलं,
आणि आम्ही, आमच्या वेळेला, सगळे एकदम.

सोमवारी त्यानं कसायाकडे जाऊ नये.
किंवा जावं.