काळी पट्टी

विल्यान्दी, फेब्रुवारी. खाली तळं गोठलंय.
वर्कशॉपात वीस अंश टिकायला हवेत,
म्हणून पहाटेपासून भट्टीत बर्चचे ओंडके सारतेय मी.
टेबलावर चार चिपा, एकाच फळीच्या:
दलदलीतून उपसलेला ओक,
पाण्याखाली मुरून मुरून कोळसा झालेला.

पहिलीवर जवसाचं तेल, चिंधीनं तीनदा चोळलेलं.
दुसरीवर लाख.
तिसरीवर सुपरग्लूचे थर, डोळे झोंबेपर्यंत.
चौथीवर इपॉक्सी; तिच्यात मला माझं कपाळ दिसतं.
प्रत्येकीवर एकेक तार ताणलीय.

हेल्दुर अकराला येईल.
दुधाचा टँकर चालवायचा तो, आता पेन्शनीत.
शनिवारी रात्री गावोगावच्या हॉलांत
नाचणाऱ्या पायांखाली त्याचा खर्ज अंथरलेला असायचा.

त्याची जुनी बेस गिटार बाकावर उताणी आहे.
तिलाही पडदे नाहीत.
पडदा नाही म्हणजे आडोसा नाही.
बोट जरा सरकलं की अख्ख्या हॉलला कळतं.

काल भिंग घेऊन बसले.
तारांनी लाकूड खाल्लंय, ते त्या खाणारच,
पण वळ सगळे जागच्या जागी.
एक सोडून.
ए तारेवर, नवव्या खुणेपाशी,
खाच पडलीय तीन मिलिमीटर मागे, खुंट्यांच्या अंगाला.
वाटलं, मोजायला चुकले. चष्मा पुसून पुन्हा मोजलं.

तो आला, बुटांवरचं बर्फ दारात झाडलं,
खाचेवर बोट ठेवलं न बघता.
"रायवोच्या अकॉर्डियनचं हे बटण.
एक पत्ती कणसूर बोलायची.
आधी दुरुस्तीला पैसे नव्हते, मग वेळ नव्हता,
मग कानांनाच ते बरोबर वाटायला लागलं.
एकतीस वर्षं मी एवढ्या एका सुरापुरता
खाली उतरत आलो."

"आणि रायवो?"
"फिनलंडला, सुनेकडे. अकॉर्डियन विकली."

मी भाषण घोकून ठेवलं होतं.
लाकडाला श्वास लागतो, तेलावर सूर उबदार येतो,
झिजेल, पण तुझ्याच बोटांनी झिजेल, वगैरे.
त्यानं चिपांच्या कडा एकेक करून दातांत धरल्या,
डोळे मिटून तार छेडली.
तेलावर सूर कांबळ्यातून आल्यासारखा.
लाखेवर बरा. तिसऱ्या चिपेला तोंड वाकडं.
चौथीवर बोट घसरवत नेलं
आणि सूर लांबला, गाय वासराला हंबरते तसा,
भट्टीचं झाकण थरथरेपर्यंत.

"ही. काचेची."

मी गप्प. तोच म्हणाला,
"नवी पोरगी आलीय आमच्यात, लीसू. एकोणीस वर्षांची.
तिची अकॉर्डियन चोख आहे.
माझं बोट मात्र त्या खाचेत जाऊन बसतं.
पोरगी काही बोलत नाही. नुसती बघते.
मला अशी पट्टी दे, जिच्यावर काही उमटत नाही."

"जुनीचं काय करू?"
"राहू दे. तारासुद्धा काढू नकोस."
मग काचेचे किती जास्त, ते विचारलं,
आकडा ऐकून शीळ घातली,
आणि पैसे मोजून ठेवले, सुट्ट्यासकट.

रात्री ओतलं. पातळ मधासारखं पसरत गेलं,
ओकचे डोळे, रंध्रं, सगळं बुजत गेलं.
दिव्याची ज्योत फिरवून बुडबुडे फोडत राहिले,
श्वास धरून, कारण श्वासातही धूळ असते.
नवव्या खुणेशी दोनदा थांबले.
तिथे आता काहीच नव्हतं, नुसता उजेड.

एक बुडबुडा राहिला पार टोकाला,
जिथे कुणाचं बोट पोचत नाही.
ज्योत जवळ नेली होती.
मग विझवली, खिडकीची फट ओल्या फडक्यानं बंद केली
आणि भट्टीत आणखी दोन ओंडके टाकले.
सात दिवस सुकायला लागतील.