गुरुवार, पाच ते आठ

तळघरात तीन यंत्रं, वाळवणाची एक खोली,
आणि भिंतीवर लाकडी फळा.
महिन्याच्या प्रत्येक तारखेला चार भोकं.
आपलं इवलंसं कुलूप ज्या भोकात, ती वेळ आपली.
माल्मोच्या या इमारतीत
एवढा एकच कायदा सगळ्यांना पाठ आहे.

मी मेन्सूर. यंत्रं दुरुस्त करतो.
पंप उघडला की नाणी निघतात, केसांच्या पिना,
एकदा एक दात निघाला, दुधाचा.
तो कुणाचा, हे विचारत मी पाच मजले चढलो.

चिठ्ठ्या लिहिते ती गुनेल, दुसरा मजला.
"जाळीतले तंतू काढा. हे हॉटेल नव्हे."
"ज्यांच्या गालिच्याने गाळणी तुंबली त्यांना लाज वाटो."
त्याखाली हिरव्या शाईत होदान:
"तो गालिचा माझा नाही. माझा याहून चांगला आहे."
त्याखाली चिलीचा म्हातारा रेनाल्दो:
"मोजा हरवला आहे. डावा. निळा. बायकोने विणलेला."
त्याखाली अरबीत एक ओळ,
जी वाचून समीरा हसते
आणि काही केल्या सांगत नाही.

घरची धुणी चव्हाट्यावर धुऊ नयेत म्हणतात.
आम्ही तळघरात धुतो
आणि भिंतीवर वाळत घालतो.

मला विचाराल तर मला या चिठ्ठ्या आवडतात.
मी ज्या गावातून आलो
तिथे कुणी कुणाला टोचून बोलत नसे.
ईदेला बकलावाचं ताट तिकडे जाई,
ईस्टरला रंगवलेली अंडी इकडे येत,
भांड्याला भांडं लागल्याचा आवाज म्हणून नाही.
आणि मग एका एप्रिलमध्ये
त्याच शेजाऱ्यांनी, तितक्याच हळुवार हातांनी,
आमच्या दारावर खडूने खूण केली.
तेव्हापासून फार गोड बोलणाऱ्याची
मला धास्ती वाटते.

हिवाळ्याच्या शेवटी गुनेलचा नवरा गेला.
फळ्यावर तिचं कुलूप होतं तिथेच राहिलं.
गुरुवार, पाच ते आठ.
नियम असा, की अर्ध्या तासात कुणी आलं नाही
तर ती वेळ कुणीही घ्यावी.
पहिल्या गुरुवारी कुणी घेतली नाही.
दुसऱ्या गुरुवारीही नाही.
तिसऱ्या गुरुवारी होदान टोपल्या घेऊन उतरली,
तीन पोरं, ईद दोन दिवसांवर,
साडेपाच वाजून गेले होते.
रिकाम्या यंत्रासमोर ती जरा वेळ उभी राहिली,
मग टोपल्या तिथेच ठेवून जिना चढली.

मी जिन्यात दिवा बसवत होतो, म्हणून ऐकलं.
"तुमची वेळ आहे."
"तू घे."
"नको. तुमची आहे."
एकीची स्वीडिश इथल्या चिखलात उगवलेली,
दुसरीची संध्याकाळच्या वर्गातली,
घासूनपुसून घेतलेली.
बराच वेळ दार ना उघडं, ना बंद.
मग गुनेल म्हणाली, त्याचे शर्ट आहेत.
अकरा.
धुतले की वास जाईल.

होदान सांत्वनाचं एक अक्षर बोलली नाही.
"दहा धुवू," ती म्हणाली. "एक राहू दे."

खाली दोघींचं भांडण झालं,
पाणी चाळीसवर की साठवर, यावरून.
आठ वाजता वाळवणाच्या खोलीत
दहा ढगळ शर्ट
आणि त्यांच्या बाह्यांना घासत
टिकल्यांचे तीन छोटे झगे.

सोमवारी फळ्याशेजारी नवी चिठ्ठी.
"वाळवणाच्या खोलीत कुणीतरी टिकल्या सांडल्या आहेत.
कोण, ते मला माहीत आहे. गुनेल."
खाली हिरवी शाई अजून ओली:
"मोजून ठेवा. परत हव्या आहेत."

तिथला दिवा मिणमिणता होता.
मी तो बदलून टाकला.
आता दारातूनसुद्धा वाचता येतं.