चौथा

डा-डा, डा-डा-डा, मग चार टिंबं.
चौथा बोलतोय.
अँटेना फिरवते. आवाज मोठा तिथे नाही,
जिथे तो पार बुडतो ती त्याची दिशा.
क्लबात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
तेव्हा पटलं नव्हतं.

गाउया नदीकाठच्या पाइनमधून पळते.
पळते म्हणजे काय, एकसष्टाव्या वर्षाचा गुडघा सांभाळत
वादळात आडव्या झालेल्या खोडांवरून,
घोटाभर शेवाळातून.
पहिला, तिसरा, पाचवा कार्डावर टोचून झाले.
आवाज इतका जवळ आला की हेडफोन कानावरून सरकवला
आणि मिनिट संपलं.

आता चार मिनिटं बाकीचे बोलणार.
हा गप्प.

डास. ब्लूबेरीचं झुडूप, कुणाचा हात न लागलेलं.
जीभ निळी होईपर्यंत खाल्ल्या.
तेवढ्यात गिर्त्स आला, इल्झेचा धाकटा,
मला पाहून बुटाची नाडी बांधू लागला.
मी नकाशात डोकं घातलं. नकाशा उलटा होता.
"सापडला, विझ्मा मावशी?"
"छे रे, मी ब्लूबेरीसाठी थांबलेय."

डा-डा
गिर्त्स पूर्वेला सुसाट.
मी वळले, पुन्हा वळले,
चहूकडे सारखाच आवाज.
खाली पाहिलं:
डाव्या बुटाखाली, शेवाळातून डोकावणारी
तार.

टोचलं कार्ड.
शीळ घालणं नियमात बसत नाही.
नाही घातली.
तिथेच उभी राहून, त्याला दिसेल अशी,
अजून थोड्या ब्लूबेरी खाल्ल्या.