सामायिक भिंत

दुसऱ्या पाळीवरनं येतो तेव्हा साडेबारा झालेले असतात.
दिवा लावायच्या आधी मी दारातच एकदा खाकरतो,
म्हणजे ज्यांना जायचंय त्यांनी जावं.
तरी बटण दाबलं की ओट्यावर
सांडलेल्या चिंचोक्यांना पाय फुटल्यासारखी
धावाधाव.
एक मात्र थांबतं, शेगडीच्या कडेला,
मिश्या हलवत,
हजेरी घेतल्यासारखं.

इलाही मुजावर आमच्या खात्यात पितळेचे जोड मारतो.
म्हणाला, फवाऱ्यावर पैसे घालवू नकोस.
जोडाला लावतो तो टाकणखार घे मूठभर,
कणीक तेवढीच, गूळ किसून,
चमचाभर दुधात मळ.
कांद्याचा रस पण टाक, वासाला येतात.
हरभऱ्याएवढ्या गोळ्या करून
पिंपामागं, शेगडीखाली ठेव.
आणि रात्री पाणी झाक सगळं.
मी विचारलं, गूळच का?
तो हसला. कोल्हापुरात राहून
झुरळाला साखर घालणार व्हय?

आठवड्यात केरसुणीला उलटी पडलेली लागायला लागली.
सुपलीत वाजतात,
लसणाच्या सालीगत.

भिंतीपलीकडं त्रिशलावहिनी मगदूम.
उद्यमनगरातली ही चाळ, दोन खोल्या त्यांच्या, दीड माझी,
मधे एकाच विटेची भिंत
आणि नळाचा पाइप जातो तिथं मूठभर भोक.
त्या दिवस मावळायच्या आत जेवतात,
भांडी पुसून पालथी घालतात,
ओट्यावर थेंब ठेवत नाहीत.
मारायचं नाही, म्हणून
तमालपत्राचा चुरा फडताळात,
कडुलिंबाचा पाला पिंपाखाली,
काकडीची साल खिडकीत,
लवंगा चारी कोपऱ्यांत.
भोकापाशी मात्र काही नाही. वाट तेवढी मोकळी.
"त्यांना म्हणायचं, बाबांनो, दुसरीकडं जा."

दुसरीकडं म्हणजे कुठं ते मी बघितलंय.
रात्री एक वाजता, भाकरी मोडता मोडता,
आधी मिशी, मग डोकं, मग सगळा ऐवज,
अंगाला तमालपत्राचा वास,
मसालेभाताच्या पंगतीतनं उठून आल्यासारखा,
आणि सरळ माझ्या गुळाकडं.

श्रावणात एमसील आणून भोक बुजवलं.
चार दिवस माझ्याकडं एक नाही.
पाचव्या दिवशी वहिनी नळावर.
"परत आलीत हो. काल पायाखाली आलं एक.
अंधारात बघितलंच न्हाई मी.
आणि चातुर्मासात."
बादली भरून वाहायला लागली
तरी त्यांना नळ बंद करायचं सुचेना.
मी केला.

मी सुपलीतले कधी मोजले नव्हते.

त्या रात्री एमसील दगड झालेलं.
हातोडीला फडकं गुंडाळून,
छिन्नीनं टवका टवका काढत,
आवाज न होऊ देता,
तीन वाजेपर्यंत.
पहाटे गोळ्या वळल्या. नेहमीच्या दुप्पट.

भाडेकरारात लिहिलंय, मधली भिंत सामायिक.
वहिनी रोज संध्याकाळी डोळे मिटून बसतात,
त्यालाही सामायिकच म्हणतात, असं त्यांनीच सांगितलं.
मी सुट्टीच्या दिवशी अलीकडं बसून ऐकतो,
काही ऐकू येत नाही.

परवा त्यांनी विचारलं,
"तुमच्याकडं तर येत न्हाईत न्हवं ती?"
मी म्हटलं, न्हाई वं वहिनी,
पंचगंगेकडं जात असतील.
त्या बघत राहिल्या,
जरा जास्तच वेळ.

रात्री आलो तर दाराच्या कडीला पिशवी.
आत गुळाची भेली, वर्तमानपत्रात बांधलेली,
वर पेन्सिलीनं: भावाच्या गुऱ्हाळातला आहे, रुकडीचा.
खायला, असं काही लिहिलेलं नाही.

हातात भेली घेऊनच मी बटण दाबलं.
खाकरायचं राहून गेलं.